सव्वा मूठ

जळगाव, १५ डिसेंबर २०२४

आबा,

हे पत्र वाचण्याआधी गिरणी बंद करा आणि बसून घ्या. नाहीतर कोणाचे गहू कोणाच्या ज्वारी-उडदाच्या कळण्यात पडतील आणि बोल मला लागेल.

माझी राज्याच्या संघात निवड झाली आहे. खेळ जवळजवळ तोच, चाकांच्या बुटांवरची हॉकी, जी मी दोन वर्षं कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर खेळते आणि जिच्यामुळे माझे गुडघे तुम्हाला कधी धड दिसले नाहीत. फक्त आता चाकं नाहीत. बुटाखाली पोलादाचं पातं असतं आणि सिमेंटच्या जागी बर्फ. आइस हॉकी म्हणतात. जानेवारीत लेहला, लडाखमध्ये, देशभरातल्या मुलींचे सामने आहेत. मी गोलकीपर, म्हणजे जाळीसमोर उभी राहून येईल ते अडवणारी.

आपल्याकडे बर्फाचं मैदान नाही, म्हणून निवड चाकांवरच झाली. कॉलेजचे सर म्हणाले, चाकं जमली त्याला पातं जमतं. मी आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला, भुशासकट. हे सरांना सांगितलेलं नाही.

एक गंमत. बाकीचे गोलकीपर डाव्या हाताने झेलतात, मी उजव्या. उजव्या हाताचा झेलायचा मोठा पंजा कुठे मिळेना, शेवटी सरांनी कोणाचा तरी जुना मागून आणला.

भाऊंना फोन केला तर त्यांचं नेहमीचं, "आबाले विचार." आणि तुम्हाला विचारायचं तर पत्रच लिहावं लागतं, कारण तुमचे कान गिरणीने कधीच दळून टाकले. अक्का कानाशी ओरडून सांगेल, पण त्यात निम्मं तिच्या पदरचं असेल. तुम्ही हो म्हणालात तर जाईन. नाही म्हणालात तर काय करीन ते ठाऊक नाही, म्हणून हो म्हणा.

तुमची
पुनम

———

पिंपळनेर, २१ डिसेंबर

पुनम,

बसलो नव्हतो. उभ्याने वाचलं आणि मग गव्हाच्या पोत्यावर बसलो. गिऱ्हाइकं विचारायला लागली, आबा, घाम का आला.

पायात पाती बांधून बर्फावर. मी तीन वेळा वाचलं, मला वाटलं डोळेही कानांच्या वाटेने निघाले. अक्काला दाखवलं. ती म्हणाली, "हाई पोर शे का सर्कस?" तुझा बाप, माझा लेक प्रेमराज, नावाचाच भाऊ, माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. या घरात तुझ्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी जन्मला नाही.

बाकीच्या पोरी पळतात हे मी समजू शकतो. पण लोकांनी मारलेलं अंगावर घ्यायचं हे काम तुला कोणी लावलं? की मागून घेतलंस? मागूनच घेतलं असशील. तुला मी ओळखतो.

उजव्या हाताचं मला नवल नाही. एवढीशी होतीस तेव्हापासून पिठाच्या धारेखाली उजवा हात धरायचीस. अंगठ्यात आणि बोटात पीठ चोळून म्हणायचीस, आबा, जाड आहे. आणि ते जाड असायचं. तो हात तिथेच तयार झाला, तुझ्या सरांनी त्याचं श्रेय घेऊ नये.

जा. भीती वाटते, पण जा. एकच अट. जे होईल ते खरं लिहायचं. बहिऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं, म्हणून ते करू नये.

नागलीचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. बर्फावर बाजरीची भाकरी मिळत नसणार.

आबा

———

लेह, १९ जानेवारी

आबा,

माझा मोबाइल इथे चालत नाही, बाहेरची प्रीपेड सिमकार्डं बंद पडतात. त्यामुळे सगळ्या मुली रडताहेत आणि मी एकटी पत्र लिहिते आहे. पोस्टातल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मागच्या शतकातून आले आहे.

मी अजून भानावर नाही. विमानातून उतरल्यावर पहिला श्वास घेतला तो आतपर्यंत पोचलाच नाही. नाकातलं पाणी नाकातच गोठतं. इथे मैदान तयार कसं करतात माहीत आहे? रात्री पाण्याचा पाइप घेऊन सगळीकडे शिंपतात, आपण सकाळी सडा टाकतो तसं, आणि पहाटे त्याचा दगड होतो. त्या दगडावर इथल्या सात-आठ वर्षांच्या मुली अशा धावतात की आम्ही कडेला उभ्या राहून नुसत्या बघत होतो.

पातं म्हणजे चाक नाही, आबा. सर चुकले. चाकावर थांबता येतं. इथे मी पहिल्यांदा पाय ठेवला आणि जाळीपर्यंत बसूनच गेले.

पहिला सामना लडाखशी. आम्ही चौदा गोल खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. पक नावाची रबराची चपटी वडी असते, ती दिसतच नाही, फक्त मागे जाळी हलते. शेवटी शेवटी काहीतरी झालं. एक वडी माझ्या डोळ्यांना दिसली, हात आपोआप गेला आणि ती पंजात होती. समोरची मुलगी थबकली आणि हसली. मग मी आणखी अडवल्या. किती ते विचारू नका, पण अडवल्या.

दुसऱ्या सामन्यात आम्ही तीनच गोल खाल्ले. सगळं छान आहे. थोडंफार लागतं, ते खेळात चालायचंच. पापड संपले.

पुनम

———

पिंपळनेर, २८ फेब्रुवारी

पुनम,

आज प्रेमराजने पेपर आणून समोर धरला. कॉलेजात तुझा सत्कार झाला त्याचा फोटो. पहिल्यांदा मी शाल बघितली. मग नारळ. मग तुझं तोंड.

तू हसते आहेस आणि वरचे समोरचे दोन दात नाहीत.

गिरणीत पाच-सात बाया होत्या, सगळ्यांनी पेपर हातातून हातात फिरवला. अक्का खालीच बसली. "माय व, पोरीना दात कोठे गयात?" हे तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की मलासुद्धा ऐकू आलं. गेल्या पाच वर्षांत कोणी कानाशी न ओरडता मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य.

"थोडंफार लागतं" म्हणजे हे? मी तुला खरं लिही म्हटलं होतं. तू पापड संपल्याचं खरं लिहिलंस आणि दात संपल्याचं लपवलंस. जळगावहून संक्रांतीनंतर घरी न येण्याचं कारण आता कळलं. अभ्यास म्हणे.

आता ऐक. दोंडाईच्याचं एक स्थळ आहे, धान्याचा व्यापार, माणसं ओळखीची. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तुला बघायला येऊ का, असं विचारत होती. त्यांच्या घरीही हाच पेपर येतो. मी त्यांना काय सांगू, पोरीने दात बर्फावर पेरलेत, पुढच्या पावसाळ्यात उगवतील?

मला राग आला आहे, पण त्याहून जास्त धक्का बसला आहे, म्हणून राग नीट येत नाही. काय झालं ते सगळं लिही. एकही दाणा न वगळता.

आबा

———

जळगाव, ७ मार्च

आबा,

सांगते. दुसऱ्या सामन्याच्या आधी सराव चालू होता. माझं शिरस्त्राण उसनं होतं, त्याच्या तोंडावरच्या जाळीचा एक स्क्रू ढिला होता. मला दिसला होता. थंडीत हातमोजे काढून आवळायचा कंटाळा केला. जाळी बाजूला सरकली आणि वडी आत आली. दुखलं नाही, इतकं गार होतं की काहीच कळलं नाही. बर्फावर दोन पांढरे दाणे पडलेले दिसले. मला आधी वाटलं, कोणाचे तरी पडलेत.

पुढचा सामना मी तोंडात कापूस धरून खेळले. तोच, तीन गोलांचा. सर नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. ऐकू न येणं आपल्या घरात चालत आलेलं आहे.

आता जळगावला दोन दातांची कवळी करून घेतली आहे. रात्री वाटीत काढून ठेवते. खोलीतल्या मुली तिला आजीबाई म्हणतात.

लपवलं, कारण तुम्ही मला परत बोलवाल याची भीती होती. चुकलं. इथून पुढे तुमच्यापासून काहीही लपवणार नाही, आणि तुम्हीही माझ्यापासून काही लपवायचं नाही. दोघांना सारखीच अट.

म्हणून आता जे लिहिते ते आधी नीट धरून वाचा. लेहला देशाच्या संघाचे निवड करणारे लोक होते. त्यांनी चौदा गोल खाणारीला बघितलं नाही, कापूस धरून उभी राहिलेलीला बघितलं. मला शिबिराला बोलावलं आहे. देशातून मोजक्या मुली. देहरादूनला बर्फाचं बंदिस्त मैदान आहे, जून ते ऑगस्ट तिथे राहायचं आणि शेवटी भारताचा संघ निवडणार.

आबा, भारताचा. मी दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही, सांगितलं तर खोटं ठरेल असं वाटत होतं.

दोंडाईच्याचं तुम्ही म्हणाल ते. पण शिबिराला जाऊ द्या.

पुनम

———

पिंपळनेर, १२ मे

पुनम

पत्र पावले. शिबिरास जा. तब्येत सांभाळ. अधिक लिहीत नाही.

मोतीलाल

———

देहरादून, १८ जून

आबा,

इथे येऊन आठवडा झाला. तुमचं ते पत्र सोबत आणलं आहे आणि रोज वाचते. चार वाक्यं आहेत, वाचायला वेळ लागत नाही.

मार्चमध्ये मी एवढं लिहिलं, त्याचं उत्तर दोन महिन्यांनी. मध्ये मी आणखी एक पत्र टाकलं, त्याला उत्तरच नाही. आखाजीला घरी येते म्हणाले तर भाऊ फोनवर म्हणाले, "परीक्षा दे, येऊ नको." आपल्या घरात आखाजीला पोरीला नको म्हणतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. सासरी गेलेल्या पोरीसुद्धा झोका खेळायला माहेरी येतात आणि घरच्या पोरीला परीक्षा दे. अक्काला विचारलं तर तिने फोन भाऊंना दिला. भाऊंना विचारलं की "बठ्ठं बरं शे, तू तुन्हं खेळ." एवढंच.

भाऊंनी आखाजीचा फोटो पाठवला होता. झोक्याजवळ तुम्ही खुर्चीवर बसला आहात, मांडीवर टॉवेल, दोन्ही हात त्याखाली. कॅमेऱ्याकडे बघतही नाही आहात. तुम्हाला फोटो काढायची एवढी हौस, शर्टाची गुंडी लावल्याशिवाय तुम्ही कधी बसला नाहीत.

आणि खाली "मोतीलाल". मला आजवर तुम्ही मोतीलाल म्हणून कधी लिहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाला लिहावं तसं. अक्षरही नेहमीचं नाही, वाकडंतिकडं, रागाने ओढलेलं.

लहान असताना एकदा श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी तुम्ही गहू काढत होतात, आठवतं? घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचा. आबाची, भाऊची, नानाची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. मी शेजारी उभी होते. मी विचारलं, माझी? तुम्ही म्हणालात, पोरींची नसते, त्या परक्या घरी जातात. मी तेव्हा रडले नाही. आता का आठवलं कोण जाणे.

इथे खेळ बरा चालला आहे. बाकी काय लिहू.

पुनम

———

पिंपळनेर, ३० जून

पुनम

पत्र पावले. राग नाही. खेळावर लक्ष दे. पुढे मोठे लिहीन.

मोतीलाल

———

देहरादून, ७ जुलै

आबा,

"राग नाही" हे दोन शब्द लिहायला तुम्हाला किती जोर लागला ते कागदावर दिसतं. पेन मागच्या पानापर्यंत घुसलं आहे.

मी ठरवलं आहे. शिबिर सोडून घरी येते. शिबिराच्या मॅडमना अजून सांगितलेलं नाही, या महिनाअखेर सांगेन. त्या म्हणतात गोलकीपरमध्ये माझं नाव वर आहे. पण सरावात उभी राहिले की जाळीऐवजी तुमचं ते "अधिक लिहीत नाही" समोर येतं आणि वडी कुठून गेली ते कळत नाही. काल चार सोप्या सोडल्या.

स्थळ मोडलं असेल, भाऊबंदांत नाव गेलं असेल, तर स्पष्ट लिहा. मी दोंडाईच्याला कवळी लावून बसेन. हसणार नाही. पण मला घरचं राहू द्या. देशाचं नाव मिळवून घरचं जाणार असेल तर मला ते नको.

पुनम

———

पिंपळनेर, १४ जुलै

पुनम बाई,

हे मी झुंबरबाई, तुझी अक्का लिहिते आहे. मी सातवी शिकलेली, पोरगी रत्ना सासरी गेल्यापासून पेन धरलं नाही. चुकलं तर सांभाळून घे. तुझ्या आबाला हे पत्र माहीत नाही. तो बाजारात गेला आहे.

तू शिबिर सोडू नको. तुझं पत्र वाचून तो दिवसभर जेवला नाही. मग मी ठरवलं की आता पुरे झालं. देवीची शपथ घातली होती त्याने आम्हा सगळ्यांना, ती मी मोडते, कानबाई मला बघून घेईल.

आबाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं.

मार्चात झालं. गिरणीचा पट्टा सरकला होता. हे गिरणीवाले मोटर बंद न करताच पट्टा चढवतात, त्याने जन्मभर तसाच चढवला. प्रेमराज मागून ओरडला, पण त्याला काय ऐकू येतं. पट्ट्याने हात आत ओढला. धुळ्याला दवाखान्यात नेलं. बोटं लावण्यासारखी राहिली नव्हती. मी गिरणीत परत आले तर पिठात लाल झालेलं होतं, ते मी हाताने काढलं. अजून मला पीठ मळवत नाही.

तुला का नाही सांगितलं ते ऐक. सांगू नको म्हणून त्याने माझे पाय धरले होते, नवऱ्याने बायकोचे. पण तू परत यायला निघालीस म्हणून सांगते. हात सापडला त्या वेळी त्याच्या डाव्या हातात तुझं पत्र होतं. पोस्टमन नुकताच देऊन गेला होता. पट्टा चढवता चढवता वाचत होता. भारताचं वाचलं आणि हसला असं प्रेमराज सांगतो. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच म्हणाला, "पोरले कळू देऊ नका, ती सोडी देई." म्हणजे तू आपल्याच पत्राला दोष देशील आणि खेळ सोडशील.

तुझ्या पत्राचा दोष नाही, बाई. पत्र नसतं तर पेपर असता. वाचत वाचत काम करायची त्याची खोडच आहे.

ती पत्रं त्याने डाव्या हाताने लिहिली. एकेका ओळीला सकाळ गेली. आबा हा शब्द त्याला जमत नव्हता, नीट येईना, म्हणून मोतीलाल लिहिलं, ती सही तो बँकेसाठी डाव्या हाताने शिकला होता. राग कुठून आणलास?

दोंडाईच्याचे आखाजीला आले होते. त्यांनी दातांचं विचारलं. हा टॉवेलखाली हात ठेवून म्हणाला, आमच्या घरात सगळ्यांचंच थोडं थोडं कमी आहे, चालत असेल तर बसा. ते चहा पिऊन गेले.

आता तू काय ते ठरव. पण रागाने येऊ नको.

अक्का

———

देहरादून, २१ जुलै

अक्का, आबा,

दोघांनाही एकत्रच लिहिते, लपवालपवी पुरे.

पत्र सरावानंतर मिळालं. मी अंगावरचं पॅडिंग न काढता तिथेच बाकावर वाचलं. उजव्या हातात तो पंजा तसाच होता. मी तो काढला आणि माझी बोटं मोजत बसले. पाचच होती. पुन्हा मोजली. मॅडम आल्या आणि काय झालं विचारू लागल्या तर मी तोंड उघडलं आणि पुन्हा बोटंच मोजू लागले. त्यांनी कवळी अडकली समजून तोंडात बघितलं.

आबा, मी तुम्हाला काय काय लिहिलं. गिऱ्हाइकाला लिहावं तसं म्हणाले. रागाने ओढलेलं अक्षर म्हणाले. आणि तुम्ही उत्तर लिहिलं, राग नाही. मला ते आठवलं की मी ते पत्र काढून पुन्हा वाचते.

नीट धरून वाचा, असं मीच लिहिलं होतं ना मार्चमध्ये. दोघांना सारखीच अट, असंही. तुम्ही अट मोडलीत. मी मात्र मोडणार नाही, म्हणून खरं लिहिते: मला त्या पत्राचा दोष लागलाच आहे, अक्काने कितीही सांगितलं तरी. तो जाणार नाही. पण शिबिर सोडत नाही. तुमची बोटं आधीच गेली, आता मी सोडलं तर ती फुकट गेली असं होईल.

मॅडमनी चार दिवसांची रजा दिली आहे. कानबाईचं दळण शुक्रवारी असतं ना? त्या दिवशी मी घरी आहे. रविवारच्या कानबाईला थांबता येणार नाही, सोमवारी निवडीचा सामना आहे. मला तुमचा हात बघायचा आहे. टॉवेल नको.

पुनम

———

पिंपळनेर, ९ ऑगस्ट

पुनम,

हे पत्र डाव्या हाताने पाच दिवस लिहितो आहे. अक्षराला नावं ठेवू नको, तुझ्या दातांना मी ठेवत नाही.

तू आलीस, टॉवेल ओढून बाजूला फेकलास आणि माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितलास, गिऱ्हाईक दळण बघतं तसा. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून म्हणालीस, पिठाचा कस बघायला एवढं पुरतं. अक्का रडत होती, मी हसत होतो, आणि तू दोन्ही करत होतीस, कवळी हातात घेऊन.

आता गहू काढताना आणि तू गेल्यानंतर काय झालं ते ऐक, कारण त्यातलं निम्मं तुला माहीत नाही.

गहू काढायची वेळ आली तेव्हा सगळी भाऊबंदकी ओट्यावर होती. वडीलधाऱ्याने उजव्या हाताने मूठ घ्यायची ही रीत. माझी मूठ मिटत नाही. भाऊबंदांतल्या नानांनी प्रेमराजकडे बोट केलं, त्याने घ्यावी. प्रेमराज माझ्याकडे बघायला लागला, नेहमीसारखा. मी म्हटलं, ज्या हातातून काही सुटत नाही त्या हाताने घ्यायची. पुनम घेईल. सगळे एकदम बोलायला लागले, ओठ हलताना दिसत होते. "काय म्हणता? माले ऐकू येत नही," एवढंच मी म्हणत राहिलो. बहिरेपणाचा असा उपयोग मला आजवर माहीत नव्हता.

तू हात धुऊन बसलीस आणि मी नावं घेत गेलो. आबाची, भाऊची, नानाची. तू मूठ भरत होतीस, सव्वा, एक दाणा खाली नाही. नाना बारकाईने बघत होते, शेवटी त्यांनी बघणं सोडलं. नावं संपली. तू हात झटकलास, परातीला नमस्कार केलास आणि बॅग घेऊन निघालीस, कारण गाडीची वेळ झाली होती. भाऊ तुला स्टँडवर सोडायला गेला.

परात मी उचलणार होतो. उचलली नाही. तुला लहानपणी जे बोललो ते तू जूनच्या पत्रात लिहिलं होतंस. ते वाचल्यापासून मला बोटांपेक्षा तेच जास्त दुखत होतं.

मी पोत्यात उजवा हात घातला. अंगठा आणि बोट, दोघांत राहिले तेवढे दाणे काढले. मोठ्याने म्हटलं, पुनमची. आणि परातीत टाकले.

नाना उठून उभे राहिले. या वेळी ते माझ्या कानाशीच ओरडले, म्हणून ऐकू आलं. "पोरनी मूठ ऱ्हास का कोठे? आनि हाई काय सव्वा मूठ शे?" मी म्हटलं, नाही, माझ्या हातात एवढीच मावते. बाकीची तिची ती भरेल. मग कोणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. गिरणी धुऊन ठेवली होती, मी दळण घातलं. पट्टा चढवण्याआधी मोटर बंद केली. स्टँडवरून परतलेल्या प्रेमराजने दोनदा बघून घेतलं.

दाणे एकदा पिठात मिसळले की कोणाला वेगळे काढता येत नाहीत. रविवारी रोट झाले. रोट बाहेर पाठवता येत नाही, घरच्यानेच खायचा आणि उरवायचा नाही, म्हणून तुझ्या वाटचा मी खाल्ला. गोड झाला होता.

सोमवारच्या सामन्याचं भाऊच्या फोनवर आलं आहे, ते त्याने मला दाखवलं. मी पुन्हा उभ्याने वाचलं आणि पुन्हा पोत्यावर बसलो. भारताच्या संघात आपल्या घरचं नाव आहे यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, तो बसला की कळवीन.

जाळीचे स्क्रू रोज आवळत जा. आणि पुढच्या श्रावणात ये, तुझा रोट तुझा तू खा.

आबा

(हा शब्द लिहायला आज पूर्ण सकाळ गेली. नीट आला आहे ना बघ.)